ओव्याच्या काढ्याने घोडी बरी झाली, की आपोआप?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही धायरीला राहतो. माझे धाकटे दीर वरातीला घोडी देतात. घोडीचं नाव चंद्रा, वय नऊ. गेल्या लग्नसराईत तिचं दोनदा पोट दुखलं. दोन्ही वेळा दिरांनी ओवा, हिंग आणि काळ्या मिठाचा काढा गोडेतेलात मिसळून बाटलीने पाजला आणि तासाभरात ती वैरण खायला लागली. तेव्हापासून डॉक्टर हा विषय त्यांच्यापुरता संपलाय. ‘घोड्याची विद्या आपल्याकडे शालिहोत्र ऋषींपासून आहे, पेशव्यांच्या पागेत कोण डॉक्टर होता?’ असं विचारतात.

आमच्या घरी अकरा वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, बंड्या. त्याचे सांधे धरलेत. डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या, रक्त तपासायला सांगितलं आणि पुढच्याला हाक मारली. मग कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून एका होमिओपॅथीवाल्यांचा नंबर मिळाला. जानेवारीत त्यांच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांनी तूप-पोळी आणि बिस्किटं बंद करायला सांगितली, तेही केलं. मार्चमध्ये बंड्या जिना चढायला लागला. आमचे मिस्टर म्हणतात योगायोग. मी म्हणते, डोळ्यांनी बघितलंय. ग्रुपवर गोचिडांसाठी लसूण आणि टिक फीव्हरला, म्हणजे गोचिडांमुळे येणाऱ्या तापाला, पपईच्या पानांचा रस असंही सांगतात. यातलं खरं काय? आणि डॉक्टर लोक लुटतात, हे तर खरंच ना?

ता. क. सासूबाई बंड्याच्या कानात लसणीचं कोमट तेल घालतात. चालेल का?

– एक वाचक, धायरी

सल्ला

ताई, नमस्कार. मी स्वतः जनावरांची डॉक्टर आहे, हे आधीच सांगते.

तुमचे प्रश्न बरेच आहेत, पण पुढची लग्नसराई यायच्या आत एक गोष्ट मिटायला हवी, म्हणून चंद्रापासून सुरुवात करते. दिरांना आजच सांगा, पोट दुखणाऱ्या घोडीचं तोंड वर धरून बाटलीने काहीही ओतायचं नाही. ओव्या-हिंगाने चंद्राचं फारसं बिघडलं नसतं. धोका होता तो तेलाचा आणि बाटलीचा. मान उंचावून ओतलेलं तेल श्वासनलिकेत उतरू शकतं. पाणी चुकीच्या नळीत गेलं की ठसका लागतो. तेल इतकं गुळगुळीत असतं की ठसका लागेलच असं नाही. ओतणाऱ्याला पत्ताही लागत नाही. घोडी पोटदुखीतून उठते आणि दोन-तीन दिवसांनी ताप, धाप, नाकातून घाण स्राव. हा न्यूमोनिया घोड्याच्या जिवावर बेततो. डॉक्टरसुद्धा पोटदुखीत पॅराफिन तेल देतात, पण नाकातून जठरापर्यंत नळी घालून, ती अन्ननलिकेतच गेली आहे याची खात्री करून मगच.

त्या नळीचं दुसरं काम याहून मोठं आहे. घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेलं परत वर येत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर मात्र लहान, साधारण आठ ते पंधरा लिटरचं. पुढे आतडं अडलं की पाणी आणि वायू मागे जठरात साठत जातात, आणि वाट मिळाली नाही तर जठर फुटतं. फुटल्यावर काही करता येत नाही. नळी घातल्यावर तुंबलेलं पाणी भडाभडा बादलीत येतं आणि तोवर तडफडणारी घोडी शांत उभी राहते. अशा तुंबलेल्या जठरात वरून आणखी लिटरभर काढा ओतला तर काय होईल, हे दिरांनाच विचारा. जनावरं राखलेला माणूस आहे, सांगावं लागणार नाही.

आता त्यांची बाजू. दोनदा काढा दिला, दोनदा घोडी उठली. ते खोटं बोलत नाहीत. घोड्यांची बहुतेक पोटदुखी वायू धरल्याची किंवा आतड्यात पेटके आल्याची असते. थोडं फिरवून, एखादं वेदनाशामक देऊन, पुष्कळदा काहीच न करता ती थांबते. थोड्या घोड्यांत मात्र लीद घट्ट अडकलेली असते किंवा आतड्याला पीळ पडलेला असतो. पंचाईत ही, की पहिल्या तासाभरात या सगळ्या घोड्या जवळपास सारख्याच दिसतात. पुढच्या पायाने जमीन उकरतात, वळून वळून पोटाकडे बघतात, बसतात, उठतात, लोळतात, घामाने भिजतात. म्हणजे ओवा द्या, तूप द्या, नाहीतर घोडीवरून नारळ उतरवून टाका, बहुतेक घोड्या उठणारच. आणि ज्याने जे केलं त्याच्या खात्यावर ते जमा होणार. पीळ पडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत तो भाग मरतो. शस्त्रक्रिया करायची तर त्याच्या आत. काढ्याचा गुण येण्याची वाट बघण्यात गेलेला वेळ अशा घोडीला परत मिळत नाही. आणि अशी घोडी गेली, तर काढा फसला असं कोणी म्हणत नाही, ‘तिची वेळ भरली होती’ म्हणतात. उठलेल्या घोड्यांच्या गोष्टी गावभर होतात, गेलेल्यांच्या होत नाहीत. काढ्यांची ख्याती अशी तयार होते.

मग दिरांनी करायचं काय? एक साधा स्टेथोस्कोप घ्यावा आणि चंद्रा धडधाकट असताना हात बसवून ठेवावा. डाव्या कोपराच्या जरा मागे लावला की ठोके ऐकू येतात. शांत उभ्या घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ ठोके असतात. पोट दुखत असताना ते साठीच्या वर गेले आणि तिथेच राहिले, तर गंभीर आहे असं समजून डॉक्टरांना बोलवायचं; घोडी शांत दिसत असली तरी. उलट, फार तडफडणारी घोडी अचानक गप्प झाली आणि ठोके चढेच राहिले तर ते सुधारण्याचं लक्षण नाही. आतडं फुटलं की कधीकधी असं होतं. ठोक्यांबरोबर हिरड्या बघाव्यात, निरोगी घोडीच्या गुलाबी आणि ओलसर असतात. विटकरी, जांभळट किंवा कोरड्या पडल्या तर फोन करावा. शेवटची लीद कधी टाकली ते आठवून ठेवावं. पोटावर दोन्ही बाजूंना कान लावला तर गुडगुड ऐकू यायला हवी, अगदी शांतता असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. दाणा-वैरण लगेच काढून घ्यावी. सावकाश फिरवायला हरकत नाही, पण दमवू नये. फोनवर एवढं सांगता आलं तर डॉक्टर अर्धं निदान तिथेच करतील. गोठ्यात उरलेली इंजेक्शनची कुपी मात्र वापरू नये. वेदना दबल्या की डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही.

दोन्ही वेळा दुखणं लग्नसराईतच का आलं, हे काढ्याइतक्याच हिरिरीने शोधायला हवं होतं. मला जे चित्र दिसतं ते असं: एका दिवसात दोन वराती, मधे उन्हात डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहणं, पाणी वेळेवर नाही, पाहुण्यांनी कौतुकाने भरवलेला गूळ नाहीतर जिलेबी, आणि रात्री घरी आल्यावर ‘दमली बिचारी’ म्हणून एकदम पाटीभर भिजवलेला हरभरा. घोड्याचं आतडं दिवसभर थोडं थोडं गवत चघळण्यासाठी आहे. नवीन दाण्याची सवय व्हायला त्याला आठवडाभर किंवा जास्तही लागतो. लग्नसराईआधीपासून दाणा हळूहळू वाढवणं, दोन वरातींच्या मधे पाणी आणि सुकी वैरण पुढ्यात ठेवणं, वर्षातून एकदा डॉक्टरांकडून दात बघून घेणं (टोकदार दाढांमुळे नीट न चावलेली वैरण अडकते) आणि लीद तपासून जंताचं औषध देणं, यात सगळा मिळून खर्च फार नाही. यातलं काहीच चमत्काराचं नाही, त्यामुळे ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वरातीच्या घोडीचा विषय निघाला म्हणून सांगते. मांडवाच्या दारात खिळे पडलेले असतात. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं पाळीव जनावर दुसरं नाही, आणि धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्याच लिदीत असतात. खुरात खिळा घुसला की बाहेरून भोक दिसेनासं होतं आणि आत हवा नसलेल्या जागेत हे जंतू वाढतात. त्यावर हळद-चुना भरून जखम ‘बंद’ केली तर त्यांची सोयच होते. धनुर्वाताची लस स्वस्त आहे आणि तिच्या परिणामाबद्दल वाद नाही. खिळा दिसला तर तो लगेच उपटू नये. जमल्यास डॉक्टर येईपर्यंत तसाच ठेवावा, कारण तो किती खोल आणि कोणत्या दिशेने गेलाय यावरून पुढचं ठरतं. पाय टेकताना तो आणखी आत जात असेल आणि काढावाच लागला, तर जागा, खोली आणि दिशा बघून ठेवावी.

शालिहोत्राचं म्हणाल, तर ती परंपरा जगातल्या फार जुन्या अश्ववैद्यक परंपरांपैकी आहे आणि तिचा अभिमान जरूर असावा. पागेतल्या मोतद्दारांची आणि नालबंदांची नजर आज कुणाकडे सहज सापडणार नाही. चाल जराशी बिघडली की त्यांना कळायचं. पण हीच माणसं लंगड्या घोड्याला डाग द्यायची. तापलेल्या सळईने पाय भाजायचा, म्हणजे आतली शीर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) धरते, अशी समजूत. आणि हे आपल्याच अडाणीपणाचं लक्षण समजू नका. इंग्लंडात कॉलेजात शिकलेले पशुवैद्य विसाव्या शतकातही शर्यतीच्या घोड्यांना तेच करत होते, आणि ‘आमच्या अनुभवात गुण येतो’ हीच भाषा बोलत होते. १९८०च्या दशकात ब्रिस्टलच्या संशोधकांनी डागलेल्या आणि न डागलेल्या घोड्यांच्या शिरा तपासून तुलना केली. डागण्याने शीर लवकरही भरत नव्हती आणि चांगलीही भरत नव्हती. घोडा सुधारत होता तो सक्तीच्या विश्रांतीने. भाजलेल्या पायाच्या घोड्याला कोणी पळवत नाही, एवढंच.

म्हणजे चाचणीला औषधाचा गाव-गोत्र कळत नाही. चंद्राला जंतासाठी बहुधा आयव्हरमेक्टिन देत असाल. ते जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून निघालं आणि १९८१ साली आधी जनावरांसाठी बाजारात आलं. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन चीनमधल्या जुन्या औषधी वनस्पतीतून आलं. या दोन्ही शोधांना २०१५चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्या वनस्पतीची नोंद जुन्या चिनी ग्रंथात होती म्हणून ते मिळालं नाही. त्यातलं नेमकं काय काम करतं, किती मात्रेत, हे शोधून आणि तपासून दाखवलं म्हणून मिळालं. उद्या ओव्याचंही कोणी असं करून दाखवलं तर मी स्वतः ओवा लिहून देईन, मात्र नळीने.

आता बंड्या. तुमचे मिस्टर आणि तुम्ही दोघंही थोडे चुकताय, असं मला वाटतं.

तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, हे मला मान्य आहे. पण कुत्र्याच्या बाबतीत मालकाचे डोळे किती विश्वासाचे, हे मोजून झालेलं आहे. सांधेदुखीने लंगडणाऱ्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ज्या कुत्र्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या, ते जमिनीवर किती भार टाकतात हे एका यंत्राच्या पाटीवर चालवून मोजलं. पाटी सांगत होती की काहीही फरक नाही. तरी निम्म्याहून जास्त वेळा मालकांना कुत्रा सुधारलेला दिसला. डॉक्टरांवरही हसायला जागा आहे, तेही चाळीस टक्क्यांहून अधिक वेळा फसले. प्रेम आहे, पैसे घातलेत, आशा आहे, मग नजर तेच शोधते.

कुत्राही आपल्याकडे बघत असतो, ही यातली गंमत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे त्याचे मालक त्याला गणितं घालायचे आणि तो खूर आपटून अचूक उत्तर द्यायचा. मालक लबाड नव्हते, मोठमोठे लोक तपासून थक्क होऊन गेले होते. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नाही. खूर योग्य आकड्यापाशी पोचला की विचारणाऱ्याच्या मानेचा, चेहऱ्याचा ताण नकळत सैल व्हायचा आणि घोडा तेवढं ओळखून थांबायचा. तुम्ही नव्या गोळ्यांच्या उत्साहात जिन्याच्या वरून ‘ये रे बंड्या!’ म्हणून हाक मारता, तेव्हा तो जानेवारीतल्या कंटाळलेल्या हाकेपेक्षा दोन पायऱ्या जास्तच चढणार.

शिवाय जानेवारी ते मार्च. पुण्यातल्या जानेवारीतली सकाळ म्हाताऱ्या सांध्यांना कशी जाते ते सासूबाईंना विचारा. सांधेदुखी कमी-जास्त होत राहते. माणूस नवा उपाय सुरू करतो तो दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर बहुतेक वेळा उतारच असतो.

गोळ्यांमध्ये काय असतं, तेही बघू. सांध्यांसाठी सहसा देतात ती ‘ऱ्हस टॉक्स २००’. २०० म्हणजे मूळ अर्काचा एक थेंब नव्याण्णव थेंबांत, त्यातला एक थेंब पुन्हा नव्याण्णवांत, असं दोनशे वेळा. रसायनशास्त्राच्या हिशेबाने साधारण बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एखादाही रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. उरलेल्या एकशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या नुसत्या पाण्याच्या आणि अल्कोहोलच्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली माणसांवरचे उपलब्ध अभ्यास तपासले आणि होमिओपॅथी परिणामकारक आहे असा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारासाठी सापडत नाही, असा निष्कर्ष काढला. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने २०१७ साली जाहीर केलं, की होमिओपॅथीला मान्य पुराव्याचा आधार नाही आणि पुरावा असलेल्या उपचारांची जागा तिने घेऊ नये. मीही त्याच मताची आहे, आणि ते आडपडद्याने सांगण्यात अर्थ नाही.

तरीसुद्धा मिस्टरांच्या ‘योगायोगा’शी मी सहमत नाही, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: तूप-पोळी आणि बिस्किटं बंद केली. अहो, औषध तेच आहे! लॅब्रेडॉरच्याच ४८ पिल्लांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यांच्या जन्मापासून मरणापर्यंत. जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२, आणि कमी खाणाऱ्यांना सांधेदुखीचा त्रासही उशिरा सुरू झाला. दोन महिन्यांत बंड्याचं वजन दोन-तीन किलो उतरलं असेल तर जिना चढण्याचं कोडं तिथेच सुटलं. वजन केलंय का? घरच्या काट्यावर आधी मिस्टरांनी एकट्याने उभं राहायचं, मग बंड्याला उचलून.

तरी मनात शंका राहणारच, तर घरातल्या घरात एक गंमत करून बघा. होमिओपॅथीच्या दुकानात औषध न घातलेल्या साध्या साखरेच्या गोळ्या मिळतात. मिस्टरांनी दोन सारख्या बाटल्या भरायच्या, एकीत तुमच्या गोळ्या, दुसरीत साध्या, आणि कुठली कशाची ते लिहून स्वतःजवळ ठेवायचं. तुम्ही महिनाभर एक बाटली, पुढचा महिनाभर दुसरी द्यायची. दर रविवारी त्याच वेळी, त्याच जिन्यावर, हाक न मारता मोबाईलवर चित्रीकरण करायचं. शेवटी सगळे व्हिडिओ क्रम बदलून शेजारच्या एखाद्या तटस्थ माणसाला दाखवायचे. एका कुत्र्यावरून जगाला काही सिद्ध होत नाही, पण घरातला वाद बराच थंड होईल. फक्त या काळात खाणं आणि डॉक्टरांचं औषध यांत फेरफार करायचा नाही.

डॉक्टरांच्या गोळ्या तुम्ही पुढे चालू ठेवल्या की नाही, ते पत्रात नाही. बहुधा त्या मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारख्या वेदनाशामक असाव्यात. कुत्र्याच्या सांधेदुखीत त्यांचा उपयोग चांगल्या चाचण्यांत दिसलेला आहे, आणि त्यांचे दुष्परिणामही तितकेच माहीत आहेत: पोटात व्रण, मूत्रपिंड आणि यकृतावर ताण. रक्त तपासायला सांगितलं ते याचसाठी. अकरा वर्षांच्या कुत्र्याला न तपासता महिनोन्महिने या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरबद्दल मला जास्त काळजी वाटली असती. घरातली माणसांची दुखण्याची गोळी, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, त्याला चुकूनही देऊ नका. आणि गुळगुळीत फरशीवर त्याच्या वावरायच्या वाटेवर जाड सतरंज्या किंवा रबरी पट्ट्या टाका. मागचे पाय घसरत राहिले की कुठलंच औषध पुरत नाही.

ग्रुपवरच्या बाकीच्या उपायांचं लवकर उरकते. लसूण आणि कांदा कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात. थोड्या मात्रेने लगेच काही दिसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. आणि गोचिडांना त्याची फिकीर असते असं काही दिसलेलं नाही. पपईच्या पानांचा रस मात्र पुण्यात इतका प्रिय झालाय, की टिक फीव्हरचं नाव काढलं की लोक पपईचं झाड शोधत निघतात. टिक फीव्हरमध्ये प्लेटलेट पडतात त्या बहुतेकदा एर्लिकिया नावाच्या जंतूमुळे. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत राहतो आणि त्याच्यावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालतं, सहसा २८ दिवस. कधी जंतू बॅबेसिया निघतो, मग औषध वेगळं. रसाने यातला एकही मरत नाही. डॉक्टरांच्या औषधासोबत कोणी रस देत असेल तर मी भांडत बसत नाही. पण अन्न टाकलेल्या कुत्र्याला कडू रस पाजून त्याने उलट्या काढल्या, तर औषधही बाहेर येतं. रसावर विसंबून औषध लांबवणाऱ्यांशी मात्र भांडते. आणि ग्रुपवर मांजरवाले असतील तर माझं नाव सांगून लिहा, की तापाला पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, एका गोळीने मांजर मरू शकतं.

राहता राहिले आम्ही लुटारू. काही लुटतात, हो. ताप दिसला की अँटिबायोटिक, खाज दिसली की स्टेरॉइड, नाव विचारलं की ‘पॉवरफुल इंजेक्शन आहे’ एवढंच उत्तर, हे मीही ऐकते. तुमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत उरकलं, ती त्यांची चूकच. तो होमिओपॅथीवाला माणूस बहुधा अर्धा तास बोलला असेल, बंड्या काय खातो, कुठे झोपतो, कुणाचं ऐकतो हे विचारलं असेल. माणसं तिकडे वळतात ती अशी, आणि आमच्या व्यवसायाने हे त्याच्याकडून शिकावं. पण अर्धा तास ऐकून घेणं ही उपचाराची अर्धीच बाजू झाली. पुढच्या खेपेला डॉक्टरांना सरळ विचारा: आजार कोणता समजताय, हे औषध कशावर काम करतं, किती दिवसांत फरक दिसायला हवा, नाही दिसला तर पुढे काय, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. औषधाचं नाव कागदावर लिहून घ्या. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४नुसार पशुवैद्यकीय व्यवसायासाठी नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा काही नाही. हेच प्रश्न काढेवाल्यांना, गोळ्यावाल्यांना आणि बिनलेबलच्या पुड्या देणाऱ्यांनाही विचारा. पुड्यावाल्यांना जरा जास्तच. माणसांच्या ‘देशी’ औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि घोड्याला स्टेरॉइड देताना खुरांच्या आत सूज येण्याची भीती आम्हीही बाळगतो.

दिरांना पटवायचं तर त्यांच्याशी शालिहोत्रावर वाद घालू नका. पुण्यात रेसकोर्स असल्यामुळे घोड्यांवर काम केलेले डॉक्टर शहरात आहेत. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी त्यांतल्या एकाला चंद्राचे दात आणि खूर बघायला शेडवर बोलवा, लसही तेव्हाच उरका. रात्री अकरा वाजता पहिल्यांदा फोन केलेल्या अनोळखी गिऱ्हाइकापेक्षा ओळखीच्या घोडीकडे कोणताही डॉक्टर लवकर निघतो. मोठं काही झालं तर कुठे न्यायचं, गाडी कोणाची, हेही त्यांनाच विचारून ठेवा. शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे घोड्याची काय सोय आहे याचीही आधीच चौकशी करा.

सासूबाईंच्या तेलाबद्दल: नको. बंड्याच्या कानाचा पडदा आतून फाटलेला असेल तर तेल मधल्या कानात जातं, लसणीने आधीच सोललेली त्वचा भाजते, आणि तेलकट ओलाव्यात बुरशी छान वाढते. कानाचं दुखणं बुरशीचं, जिवाणूंचं की किड्यांचं, हे आतला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कळत नाही, आणि तिन्हींचे थेंब वेगळे. सासूबाईंना त्याचं काही करायचंच असेल तर आंघोळीनंतर कानाची पाळी आतून कोरड्या सुती कापडाने टिपू देत. लॅब्रेडॉरच्या लोंबत्या कानांना त्याची गरज असते. कान लाल दिसला, आंबूस वास आला किंवा बंड्या डोकं एका बाजूला कलतं धरायला लागला, तर टिपणंही थांबवा आणि एक-दोन दिवसांत दाखवून आणा.